संस्थेची जागा, पालिकेचं बिल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोसायट्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सबद्दल लिहिलं होतं, त्यावर मंडळं, वाचनालयं, देवळं, बालवाड्या चालवणाऱ्या कार्यकर्त्यांची इतकी पत्रं आली की हा अंक पूर्ण त्यांनाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाहीये, सगळ्यांना वॉर्ड ऑफिसला परत जायचंच असतं.

प्रश्न (दादर): आमचं मंडळ पब्लिक ट्रस्ट म्हणून रजिस्टर्ड आहे, ८०जी पण आहे. स्वतःची एक मजल्याची इमारत, खाली हॉल, वर वाचनालय आणि अभ्यासिका. हॉल साखरपुडा, मुंज, बारशाला भाड्याने देतो आणि त्या पैशातूनच वाचनालय चालतं, कुणी एक रुपया खिशात घालत नाही. तरी पालिकेने अख्ख्या इमारतीवर प्रॉपर्टी टॅक्समधला सर्वसाधारण कर लावलाय. ट्रस्टला माफी असते ना?

उत्तर: ट्रस्ट आहे म्हणून माफी, असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाहीये, आणि बहुतेक संस्था इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुंबईत हा सगळा कारभार मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ वर चालतो. त्याचं कलम १४३ सांगतं की सर्वसाधारण कर सगळ्या जमिनी-इमारतींवर लागणार, अपवाद काय तर ज्या जागा किंवा जागेचे जे भाग फक्त आणि फक्त सार्वजनिक पूजाअर्चेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात आहेत ते. म्हणजे सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आहे याच्याशी कायद्याला घेणंदेणं नाही, दार उघडून आत गेल्यावर तिथे काय चाललेलं दिसतं ते तो विचारतो.

८०जी आणि १२एबी ही इन्कम टॅक्सची कागदं. त्याने देणगीदाराला सूट मिळते, संस्थेच्या उत्पन्नाला सवलत मिळते, पण पालिकेच्या असेसमेंट खात्यासाठी ती फार तर जोडपत्रं. धर्मादाय आयुक्तांचं रजिस्ट्रेशन मात्र महत्त्वाचं, कारण संस्थेचा हेतू धर्मादाय आहे हे त्यावरून कळतं. धर्मादाय म्हणजे काय हे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे, गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकोपयोगी काम वगैरे. तुमचं वाचनालय त्यात आरामात बसतं. हॉल बसत नाही.

का बसत नाही, तर त्याच कलम १४३ चं दुसरं पोटकलम. ज्या भागात धंदा चालतो तो भाग धर्मादाय धरायचा नाही, आणि ज्या भागाचं भाडं मिळतं तोही नाही, मग ते भाडं पुढे धर्मादाय कामालाच लागो वा न लागो. हे शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटतं, मान्य आहे. देणग्या आटल्यात, सभासद वर्गणीत वीज बिलही निघत नाही, आणि हॉलच्या जिवावर पुस्तकं येतायत, अशा संस्था मुंबईत गल्लोगल्ली आहेत. पण शब्द इतके स्पष्ट आहेत की 'भाडं वाचनालयालाच जातं' हा मुद्दा घेऊन भांडत बसलात तर वेळ आणि वकिलाची फी दोन्ही वाया जाईल.

तुमचा रस्ता तिसऱ्या पोटकलमात आहे. इमारतीचा एखादा भाग धर्मादाय वापरामुळे माफ होत असेल तर तो भाग करासाठी वेगळी मालमत्ता धरायचा, असं तिथे सरळ म्हटलंय. म्हणजे खालचा हॉल करपात्र राहील, वरचं वाचनालय आणि अभ्यासिका माफ होऊ शकतात. पालिकेने अख्खी इमारत एका खात्यात टाकलीय ती बहुतेक कुणी कधी वेगळं मागितलंच नाही म्हणून.

आता मागायचं कसं. आर्किटेक्टकडून मजलावार प्लॅन काढून घ्या, प्रत्येक खोलीचं कार्पेट क्षेत्रफळ आणि त्यात काय चालतं हे लिहिलेलं. हॉलच्या मागचं स्वयंपाकघर, भांड्यांची खोली, वधूपक्षाची खोली हे हॉलच्याच बाजूला दाखवा, ओढून ताणून वाचनालयात घालू नका, कारण निरीक्षक टेप घेऊन येतो तेव्हा तो पहिलं तेच बघतो. वाचनालयाचं देवघेव रजिस्टर, अभ्यासिकेचं हजेरी रजिस्टर, सभासद वर्गणीच्या पावत्या, ऑडिटेड हिशेब, त्यात हॉलचं उत्पन्न वेगळ्या रकान्यात. आणि एक गोष्ट खूप ठिकाणी बघितलीय, मेन गेटवर मोठा बोर्ड असतो 'हॉल भाड्याने मिळेल' आणि खाली मोबाइल नंबर, वाचनालयाची पाटी मात्र जिन्यात अंधारात. बघणाऱ्याला सगळी इमारतच भाड्याची वाटते. हॉलचा बोर्ड हॉलच्या दाराला लावा, वाचनालयाची पाटी वेळांसकट गेटवर आणा. यात लपवाछपवी काही नाही, जे जिथे चालतं ते तिथे दिसावं इतकंच.

अजून एक. हॉलमध्ये व्याख्यानमालाही होते, रक्तदान शिबिरही होतं, म्हणून तोही माफ करा असं काही जण म्हणतात. कायद्यातला शब्द 'केवळ' असा आहे, महिन्यातून दोन लग्नं झाली तरी त्या भागाचं 'केवळ' संपलं. आणि अभ्यासिकेची एखादी खोली संध्याकाळी खाजगी क्लासवाल्याला देत असाल तर आधी ते बंद करा, मग अर्ज करा.

प्रश्न (गिरगाव): आमच्या ट्रस्टच्या मोफत दवाखान्याला माफी मंजूर झालीय असं लेखी पत्र आहे, तरी दर सहा महिन्यांनी बिल येतंच. ही चूक कुठे दुरुस्त करून घ्यायची?

उत्तर: बहुतेक चूक नसेल, बिल नीट उलगडून बघा. आपण ज्याला प्रॉपर्टी टॅक्स म्हणतो तो एक कर नाहीच, त्यात सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, पालिकेचा शिक्षण उपकर, पथकर, वृक्ष उपकर, वर राज्य सरकारचा शिक्षण कर आणि बिगर निवासी असेल तर रोजगार हमी उपकर असं सगळं एकत्र असतं. कलम १४३ ची माफी यातल्या फक्त सर्वसाधारण कराची. बाकीच्या ओळी चालू राहतात.

५०० फुटांपर्यंतच्या घरांचं आठवत असेल. २०१९ मध्ये माफी झाली म्हणून सगळे खूश होते आणि मग बिलं आली, कारण तेव्हा फक्त सर्वसाधारण करच माफ झाला होता. पूर्ण कर माफीचा निर्णय २०२२ च्या १ जानेवारीला जाहीर झाला. तुमचा दवाखाना अजून त्या २०१९ वाल्या अवस्थेत आहे असं समजा. सर्वसाधारण कराच्या ओळीत शून्य असेल तर बिल बरोबर आहे, तिथे आकडा असेल तर मंजुरीचं पत्र घेऊन वॉर्डच्या करनिर्धारण व संकलन खात्यात जा. आणि पाण्याचं मीटर असेल तर पाण्याचं बिल वेगळं येतं, मग मालमत्ता कराच्या बिलात पुन्हा जल कर लावलेला नाही ना तेही बघून घ्या.

प्रश्न (मुलुंड): आम्ही काही शिक्षिका मिळून बालवाडी आणि चौथीपर्यंतची मराठी शाळा चालवतो, सोसायटी आणि ट्रस्ट दोन्ही रजिस्ट्रेशन आहे. वॉर्डातले साहेब म्हणतात फी घेता म्हणजे धंदा. शिक्षण हे धर्मादाय नाही का?

उत्तर: ताई, नुसती फी घेतली म्हणून धंदा होत नाही, पण शिक्षण आहे म्हणून आपोआप माफीही होत नाही. दिल्ली महापालिकेविरुद्ध एका ट्रस्टच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये यावर मोठा निकाल दिलाय. त्यात सांगितलं की शिक्षण देणं एवढ्यावर करमाफी मिळत नाही, त्यात लोकहिताचा, परोपकाराचा भाग दिसला पाहिजे. दिल्लीच्या कायद्याची शब्दरचना आपल्यापेक्षा वेगळी आहे, तिथे देणग्यांवर चालण्याची अट कलमातच आहे, हे साहेबांना जरूर दाखवा. पण आपल्याकडेही अधिकारी त्याच नजरेने बघतात.

म्हणून तुमची लढाई हिशेबाच्या वहीत आहे. किती मुलांना फी माफ आहे, किती जणांची अर्धी आहे, शिल्लक उरते का, उरली तर कुठे जाते, शिक्षिकांचे पगार किती, संस्थाचालकांच्या नातेवाइकांची जागा भाड्याने घेतलीय का. मराठी शाळा आज काय हालात चालतायत हे सगळ्यांना माहितीय. तुमच्या शाळेत फी न भरू शकणारं मूल बसतं हे कागदावर दाखवता आलं तर केस भक्कम आहे. ठराव करून ठेवा, फीमाफीचे अर्ज फाइलला लावा, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. आणि शाळेच्या आवारात युनिफॉर्म-वह्यांचं दुकान किंवा बाहेरच्या माणसाचं कॅन्टीन असेल तर तेवढी खोली वेगळी दाखवा.

प्रश्न (बोरिवली): आमच्या देवळाच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे आणि बाहेर ट्रस्टनेच दिलेले दोन फुलांचे गाळे. यामुळे गाभाऱ्यालाही टॅक्स लागेल का?

उत्तर: नाही, गाभारा आणि सभामंडप सार्वजनिक पूजेचाच भाग आहे, तो तसाच राहतो. गाळे आणि टॉवरची जागा करपात्र. टॉवरबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या डिसेंबरमध्येच सांगितलंय की त्यावर मालमत्ता कर लावता येतो. टॉवर कंपनीच्या करारात हा कर कोण भरणार ते लिहिलंय का बघा, बऱ्याच ट्रस्टींनी ते न वाचताच सह्या केलेल्या असतात. आणि करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतली होती का तेही तपासा, तो विषय टॅक्सपेक्षा मोठा होऊ शकतो.

प्रश्न (गोरेगाव): संस्थेच्या नावावर जुना मोकळा प्लॉट आहे, आजोबांच्या काळात कुणी तरी दान दिलेला. त्यावर बांधकाम नाही, संध्याकाळी वस्तीतली मुलं खेळतात. बिल मात्र असं आलंय जणू बहुमजली इमारतच उभी आहे.

उत्तर: यात दोन वेगळे मुद्दे आहेत, एकात दुसरा मिसळू नका.

पहिला मुद्दा किमतीचा. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भाड्यावर आधारित करपात्र मूल्य जाऊन भांडवली मूल्य आलं, म्हणजे रेडी रेकनरचा (जागांच्या सरकारी दरपत्रकाचा) दर धरून जागेची किंमत काढायची आणि तिला वापर, बांधकामाचा प्रकार, वय यांचे गुणक लावायचे. त्या नियमांत मोकळ्या जमिनीवर पुढे किती एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा) वापरता येईल तेही धरून किंमत काढायची सोय होती. ते नियम मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२२ ला तो निकाल कायम केला. जमीन आज जशी आहे तशी तिची किंमत धरा, उद्या तिथे काय बांधता येईल त्याची धरू नका, असा त्याचा अर्थ. न बांधलेल्या इमारतीचा कर कोण भरेल हो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. बिलासोबत भांडवली मूल्याचा तपशील मागून घ्या, त्यात एफएसआयचा आकडा दिसला तर या निकालाचा उल्लेख करून लेखी हरकत घ्या.

दुसरा मुद्दा वापराचा. नुसती रिकामी जमीन धर्मादाय वापरात आहे असं म्हणता येत नाही, ती संस्थेची असली तरी. मुलं खेळतात ही चांगली गोष्ट, पण ती संस्थेने खेळायला दिलीय की भिंत पडलीय म्हणून मुलं आत येतात, हा फरक अधिकारी विचारणारच. संस्थेच्या घटनेत मैदान, मनोरंजन, व्यायाम असा उद्देश आहे का ते पहा. असेल तर मैदान सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव, वेळांचा फलक, साफसफाई आणि रखवालदाराचा खर्च, वर्षातले कार्यक्रम हे सगळं जमवा. लग्नाच्या सीझनला पार्किंगसाठी पैसे घेऊन देत असाल तर मग अवघड आहे. कलेक्टर ऑफिसकडून यायचा तो एनए टॅक्स (बिगरशेती कर) पूर्ण वेगळा, पालिकेने माफ केला म्हणून तो सुटत नसे, त्याची जुनी मागणी असेल तर तिथे वेगळा अर्ज.

असले प्लॉट मुंबईत आता मोजकेच उरलेत आणि त्यांच्यावर कुणाकुणाचा डोळा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. थकबाकी साठत गेली की 'विकून टाकू' म्हणणारे ट्रस्टीही तयार होतात. म्हणून हे काम पुढच्या मीटिंगवर ढकलू नका.

प्रश्न (परळ): आमचा ट्रस्ट चाळीतल्या दोन खोल्या भाड्याने घेऊन पेशंटच्या नातेवाइकांची मोफत राहायची सोय करतो. मालक म्हणतो टॅक्स वाढला, भाडं वाढवा. आम्ही धर्मादाय आहोत, माफी मागू शकतो का?

उत्तर: टाटा, केईएम, वाडियाला बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी परळमध्ये अशी सोय किती मोलाची असते ते फुटपाथवर झोपलेली माणसं बघितली की कळतं. पण उत्तर नकारात्मक आहे. त्या खोल्यांचं भाडं मालकाला मिळतंय, आणि ज्या भागाचं भाडं मिळतं तो माफीत बसत नाही, भाडेकरू किती का पुण्याचं काम करेना. मालकाने खोल्या विनामोबदला वापरायला दिल्या तर मात्र चित्र बदलतं, तेव्हा त्या भागापुरती माफी मागता येते. त्याच्याशी एकदा बसून बोला. भाडं थोडंच असेल तर ते सोडून देऊन कराची माफी घेणं दोघांनाही परवडू शकतं, पण आधी वॉर्डात विचारून आकडा काढून घ्या आणि करार वकिलाकडून करून घ्या.

प्रश्न (विलेपार्ले): माझा भाऊ मेलबर्नला असतो, तिथल्या मराठी मंडळींनी संस्था काढून छोटी जागा घेतलीय. कौन्सिलची (तिथल्या पालिकेची) रेट्स, म्हणजे मालमत्ता कर, माफ झाली पण बिलावर आणखी एक लेव्ही आहे, ती म्हणे भरावीच लागते. आपल्यासारखाच गोंधळ आहे का तिकडे?

उत्तर: गोंधळ कमी, पण तत्त्व तेच. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात अग्निशमन दलाचा खर्च आधी विम्याच्या हप्त्यांतून वसूल व्हायचा. २००९ च्या भीषण वणव्यांनंतर नेमलेल्या आयोगाने ती पद्धत बदलायला सांगितली आणि १ जुलै २०१३ पासून तो पैसा मालमत्तेवरच्या लेव्हीतून कौन्सिलच्या बिलात यायला लागला. १ जुलै २०२५ पासून त्याच जागी इमर्जन्सी सर्व्हिसेस अँड व्हॉलंटिअर्स फंड आलाय. प्रत्येक जागेला तिच्या वापराप्रमाणे एक कोड लावतात आणि त्या कोडवरून ती निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती, लोकहिताची वगैरे कुठल्या वर्गात जाते ते ठरतं. धर्मादाय वापराच्या जागेला रेट्स माफ असतात, लेव्ही माफ नसते, फक्त ती लोकहिताच्या वर्गात बसली की दर त्या वर्गाचा लागतो. गिरगावच्या दवाखान्याचं वर वाचलंत ना, तसंच, एक कर गेला तरी दुसरा राहतो.

भावाला सांगा, बिलावरचा वर्ग बघ. जागा आधी दुकान किंवा गोडाऊन होती आणि कोड तोच राहिला असेल तर व्यापारी किंवा औद्योगिक दराने लेव्ही जात असेल. कोडवर आक्षेप कौन्सिलकडेच घ्यायचा, नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत.

प्रश्न (कुर्ला): माफीचा अर्ज दिलाय, निर्णय होईपर्यंत बिल भरायचं की नाही? कमिटीत दोन तट पडलेत.

उत्तर: भरा. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो, जप्तीची नोटीस आली की संस्थेचं नाव वस्तीत खराब होतं ते वेगळंच. भरताना हरकत कायम ठेवून भरत असल्याचं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. पत्रावर मालमत्तेचा एसएसी नंबर (बिलावरचा खाते क्रमांक), बिलाचा कालावधी आणि कलम १४३ चा उल्लेख हवा. नवीन आकारणीची विशेष नोटीस आली असेल तर हरकतीची मुदत नोटिशीवरच छापलेली असते, ती चुकली की पुढचं सगळं कठीण होतं. कारण पालिकेने हरकत फेटाळल्यावर कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात अपील करता येतं, पण त्यासाठी आधी हरकत घेतलेली असावी लागते, अपील मुदतीत असावं लागतं आणि कराची रक्कमही भरलेली असावी लागते. म्हणजे जे 'भरू नका' म्हणतायत ते अपिलाचं दारही बंद करतायत. सुनावणीला सेक्रेटरी आणि हिशेब बघणारा असे दोघं जा, मूळ रजिस्टरं बरोबर न्या, झेरॉक्सचा एक सेट तिथे द्या. सुनावणीत काय झालं त्याचं पत्र त्याच आठवड्यात इनवर्डला टाका.